चर्चला न्यायच्या पिशवीतलं एपिपेन ज्युनियर: काय जमतं, कुठे अडतं

ॲलर्जी असलेल्या लहान मुलाला घेऊन चर्चला निघायचं तर पिशवीत डायपर, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे यांच्याबरोबर आणखी एक वस्तू हवीच: ॲड्रेनलिनचं ऑटो-इंजेक्टर पेन. ॲलर्जी शेंगदाण्याची असो, दुधाची, अंड्याची, गव्हाची नाहीतर तिळाची, प्रतिक्रिया वाढून ॲनाफिलॅक्सिस (अंगभर पसरून जिवावर बेतणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया) झाला की पहिलं औषध हेच. या पेनांमधलं सगळ्यांत ओळखीचं नाव म्हणजे एपिपेन, आणि लहान मुलांसाठी त्याचं 0.15 मिलिग्रॅमचं एपिपेन ज्युनियर. इथे त्याचा आढावा आहे तो मुख्यतः रविवारच्या सकाळच्या दृष्टीने. घरात पेन कोण वापरणार हे ठरलेलं असतं. चर्चमध्ये मूल तासा-दोन तासांत पाच-सहा जणांच्या हातांतून जातं, आई गायनमंडळात असते, बाबा अर्पण गोळा करत असतात, आणि नेमकं तेव्हाच गरज पडू शकते.

मत आधीच सांगतो. पेन चांगलं आहे, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घ्यावंच, आणि एक नव्हे, दोन घ्यावीत. त्याच्यात काही उणिवा आहेत, त्या पुढे येतील. पण बहुतेक वेळा पेन कमी पडत नाही, ते हातात घेणारं माणूस थबकतं.

आधी वस्तू. साधारण जाड मार्कर पेनाएवढी नळी, ती आणखी एका पारदर्शक नळीत ठेवलेली. बाहेरच्या नळीचं झाकण अंगठ्याने उडवलं की आतलं पेन सरकून बाहेर येतं. एका टोकाला निळी सुरक्षा टोपी, दुसऱ्या टोकाला नारिंगी टोक. सुई नारिंगी टोकातून येते, निळ्या बाजूने नाही. साध्या पेनाची सवय असलेला माणूस घाईत निळी टोपी हेच टोक समजतो, आणि इंजेक्शन स्वतःच्या अंगठ्यात जातं. ही चूक जगभर होत आली आहे. म्हणून नियम एकच: पेन मुठीत धरायचं, अंगठा कुठल्याच टोकावर ठेवायचा नाही. या पेनाचा पूर्वज सैनिकांसाठी होता, विषारी वायूवरचा उतारा स्वतःच स्वतःला टोचून घेता यावा म्हणून बनवलेला. एपिपेनला अमेरिकेत 1987 मध्ये मान्यता मिळाली. मुठीत धरून कपड्यावरूनच मांडीत मारायची रीत त्या वंशातून आलेली आहे.

आता प्रत्यक्ष वापर, कारण लहान मुलाच्या बाबतीत घोळ होतो तो इथेच. मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर घ्यायचं, त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांच्या कात्रीत घट्ट धरायचे आणि एका हाताने त्याचे हात छातीशी कवटाळायचे. दोन माणसं असतील तर एकाने फक्त धरायचं काम करावं. निळी टोपी दुसऱ्या हाताने सरळ वर ओढायची. मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघ्याच्या मधोमध. तिथे नारिंगी टोक काटकोनात लावून खट् असा आवाज येईपर्यंत जोरात दाबायचं आणि सावकाश तीन मोजेपर्यंत तसंच दाबून ठेवायचं. जुन्या पत्रकांवर दहा सेकंद लिहिलेले सापडतील. नंतर एपिपेनसाठी ते तीन झाले, कारण औषध तेवढ्यात आत जातं आणि जितका जास्त वेळ सुई पायात तितका मुलाने पाय झटकण्याचा आणि कातडी फाटण्याचा धोका जास्त. पाय नीट न धरल्यामुळे लहान मुलांच्या मांडीला लांबट जखमा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. पेनाच्या पत्रकातही मुलाचा पाय घट्ट धरा अशी सूचना आहे, ती नुसती वाचून सोडायची नाही.

कपडे काढायची गरज नाही. पण रविवारचा पोशाख अनेकदा थरांचा असतो: फ्रॉकखाली अस्तर, त्याखाली जाड मोजे. असा घेर असेल तर तो वर सारायचा, जाड शिवण आणि भरलेला खिसा टाळायचा. पेन बाहेर काढलं की नारिंगी आवरण लांब होऊन सुई झाकली जाते आणि खिडकीतून औषध दिसेनासं होतं. इंजेक्शन झालं याची खूण हीच. आत द्रव उरलेला हलतो तेव्हा लोक घाबरतात, औषध गेलंच नाही असं त्यांना वाटतं. पेनात मुळात दोन मिलिलिटर द्रव असतो आणि त्यातला 0.3 मिलिलिटरच टोचला जातो. बाकीचा आतच राहणार. तो काढून दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

इंजेक्शन दिल्यावरची पहिली काही मिनिटं पेनाइतकीच महत्त्वाची. मूल आडवं ठेवायचं, पाय थोडे उंच. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. अगदी तान्हं असेल तर मांडीवर आडवं धरायचं. खांद्यावर उभं धरून गाडीकडे धावत सुटणं ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत घातक चूक आहे: रक्तदाब आधीच कोसळलेला असतो, शरीर एकदम उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं. रुग्णवाहिका बोलावताना ‘ॲलर्जी झाली’ एवढंच सांगायचं नाही, ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द उच्चारायचा. वेळ लिहून ठेवायची. पाच मिनिटांत फरक पडला नाही, किंवा त्रास परत वाढला, तर दुसरं पेन, शक्यतो दुसऱ्या मांडीत. दोन पेन हवीत ती यासाठीच. मूल थरथरलं, फिकट पडलं, छाती धडधडू लागली तर तो ॲड्रेनलिनचा परिणाम असतो आणि ओसरतो. मूल हसू-खेळू लागलं तरी रुग्णालयात न्यायचंच. काही तासांनी, पुन्हा काही न खाताही, प्रतिक्रिया उलटून येऊ शकते, म्हणून डॉक्टर मुलाला काही तास नजरेखाली ठेवतात. वापरलेलं पेन बरोबर न्यायचं.

मात्रेबद्दल. एपिपेन ज्युनियर पत्रकाप्रमाणे 15 ते 30 किलो वजनासाठी आहे. ॲड्रेनलिनची मात्रा दर किलोला 0.01 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 15 किलोला 0.15 बरोबर बसतं, पण 28 किलोच्या मुलाला ते निम्म्याच्या आसपास पडतं. त्यामुळे बरेच तज्ज्ञ 25 किलोच्या आगेमागेच 0.3 मिलिग्रॅमच्या पेनावर नेतात. 15 किलोच्या आतल्या बाळांना काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. अनेकदा दुसरं काही हाताशी नसतं म्हणून हेच लिहून देतात, आणि ते समजण्यासारखं आहे. मात्र याची सुई साधारण 13 मिलिमीटर, अगदी बारीक बाळाच्या मांडीत ती हाडापर्यंत जाऊ शकते. डॉक्टरांना हा प्रश्न थेट विचारावा आणि दर तपासणीला वजन सांगून पेन बदलायची वेळ आली का हेही विचारावं.

कधी वापरायचं, हा प्रश्न मंडळीत सगळ्यांत अवघड जातो. अंगावर पित्त उठलं की लोक ओळखतात, पण ॲनाफिलॅक्सिसमध्ये दर वेळी पित्त उठेलच असं नाही. लहान मुलाला ‘घसा आवळतोय’ असं सांगता येत नाही. ते जीभ बाहेर काढतं, कान चोळतं, लाळ गाळतं, रडण्याचा आवाज घोगरा होतो, एकामागून एक उलट्या होतात, आणि सर्वांत फसवं लक्षण म्हणजे खेळतं मूल एकाएकी गप्प होऊन अंग टाकतं. संडे स्कूलच्या बाईंना ते झोपाळलंय असं वाटतं. ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेल्याचं माहीत आहे आणि श्वासाचा त्रास, आवाज बदलणं किंवा असं गळून जाणं यांतलं काहीही दिसतंय, तर पेन. ॲलर्जीचं तोंडाने द्यायचं सरबत खाज आणि पित्त कमी करतं, श्वासनळी उघडत नाही, रक्तदाब सावरत नाही. आधी सरबत देऊन ‘थोडं थांबून बघू’ म्हणणं यात वेळ जातो, आणि ॲड्रेनलिन उशिरा मिळणं हे दगावलेल्या रुग्णांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. शंका असेल तर द्यावं: नको असताना दिलेल्या एका मात्रेने निरोगी मुलाला सहसा थोडा वेळ थरथर होते, हवं असताना न दिल्याने जीव जाऊ शकतो.

श्रद्धावान कुटुंबांत इथे एक नाजूक गोष्ट येते. मूल आजारी दिसलं की वडीलधारी मंडळी लगेच भोवती जमतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करतात. ती माया आहे, ती अडवू नये. पण क्रम ठरवून ठेवावा: एकाने पेन द्यायचं, एकाने फोन करायचा, बाकीच्यांनी प्रार्थना करायची, तिन्ही एकाच वेळी. पाळकसाहेबांनी किंवा फादरांनी हे एकदा उपासनेत स्वतःच्या तोंडून सांगितलं की कुणाला ते विश्वासाच्या विरुद्ध वाटत नाही. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. हातातलं औषध आणि ओठांवरची प्रार्थना यांत भांडण नाही, आणि ही गोष्ट शांतपणे, आधी, सगळे बरे असताना बोलून घ्यायची असते.

पेन कुठे ठेवायचं? आईच्या पर्समध्ये नको, पर्स गायनमंडळात जाते आणि मूल दुसऱ्या खोलीत. कुलूपबंद औषधपेटीत तर नकोच. भडक रंगाची थैली, त्यावर मुलाचं नाव आणि फोटो. आत दोन पेन, डॉक्टरांनी सही केलेली आपत्कालीन योजना, दमा असेल तर इनहेलर, आणि चर्चचा पूर्ण पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेला कागद (रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना रोज येणाऱ्यांचीही जीभ अडखळते). थैली मुलाबरोबर फिरते: लहान मुलांच्या खोलीत असेल तर दाराशेजारच्या खुंटीवर, मोठ्यांच्या हाताला लागेल पण मुलांच्या नाही इतक्या उंचीवर. मूल दुसऱ्याच्या हाती देताना थैलीही त्याच्याच हाती द्यायची, तोंडाने सांगून: ‘आता बाळ आणि थैली तुमच्याकडे.’ स्वयंसेवक दर रविवारी बदलतात, म्हणून पाळीच्या तक्त्यात पेन वापरता येणारं किमान एक नाव हवंच. धर्मपिता-धर्ममाता आणि आजी-आजोबा यांना आधी शिकवावं, मूल त्यांच्याच हातात सर्वांत जास्त असतं.

शिकवण्यासाठी सुई आणि औषध नसलेलं सरावाचं पेन मिळतं. पुन्हा पुन्हा वापरता येतं, आणि आमच्या मते या सगळ्या संचातली सर्वांत उपयोगी वस्तू तीच. दहा मिनिटांत चार जण शिकतात. त्यात दोन सावधगिऱ्या. सरावाचं पेन आपत्कालीन थैलीत कधीही ठेवायचं नाही. घाबरलेला माणूस तेच उचलतो. आणि ते आपल्याच जातीच्या पेनाचं असावं. औषधाच्या दुकानाने या वेळी दुसऱ्या कंपनीचं पेन दिलं तर सगळ्यांना नव्याने शिकवावं लागतं. जेक्स्ट पेनाची टोपी पिवळी आणि टोक काळं आहे, शिवाय ते दहा सेकंद धरायचं असतं. दोन घरांच्या दोन मुलांकडे दोन वेगळी पेन असतील तर प्रत्येक थैलीवर सेकंद मोठ्या आकड्यात लिहावेत.

आता उणिवा. टोपी एका हाताच्या अंगठ्याने तिरकी ढकलून काढायचा मोह होतो, आणि तशी काढली तर पेन आपोआप सुटू शकतं. टोपी मुळातच किंचित वर उचललेली असेल तरी तेच. काही पेन बाहेरच्या नळीत लेबलाची कड अडकून नीट निघत नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तिन्ही गोष्टींबद्दल मार्च 2020 मध्ये जाहीर सूचना काढली होती. त्यामुळे नवं पेन घरी आलं की ते नळीतून सहज सरकतंय ना आणि टोपी पूर्ण बसलेली आहे ना हे पाहावं. टोपीला हात लावायचा नाही. अडकत असेल तर ओढाताण न करता बदलून घ्यावं. दुसरी खोट उष्णतेची. पेन 20 ते 25 अंश सेल्सियसला ठेवायचं, फार तर 15 ते 30. फ्रिज नको, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर मुळीच नको. बाहेरची सहल किंवा उघड्यावरची उपासना असेल तेव्हा थैली उष्णतारोधक डब्यात ठेवावी, पण बर्फाला चिकटून नाही. औषध बिघडलं की खिडकीत रंग गुलाबी-तपकिरी दिसतो किंवा कण तरंगतात. हे महिन्यातून एकदा बघायचं लक्षात राहत नाही. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असणाऱ्या मंडळीत त्याच रविवारी निघताना खिडकी बघायची सवय लावली की राहतं.

तिसरी खोट म्हणजे सुई. तिच्याच भीतीने लोक थबकतात. 2 मिलिग्रॅमचा नेफी हा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये मान्य झाला, आणि मार्च 2025 मध्ये 1 मिलिग्रॅमचा, चार वर्षांवरच्या 15 ते 30 किलोच्या मुलांसाठी. सुईला घाबरणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हा मोठा दिलासा आहे, पण त्याहून लहान मुलांसाठी नाही. बाळांसाठी ऑव्ही-क्यूचं 0.1 मिलिग्रॅमचं इंजेक्टर, 7.5 ते 15 किलो वजनाला, नोव्हेंबर 2017 पासून तिथे मान्य आहे. सुई आखूड, दोन सेकंद धरायचं, आणि ते पुढची पायरी बोलून सांगतं. गाणी चालू असताना तो आवाज ऐकू येणार नाही, तरी ज्यांच्या देशात हे मिळतं त्यांनी दीड-दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी डॉक्टरांशी आधी याबद्दलच बोलावं. त्या वयात एपिपेन ज्युनियर दुसऱ्या क्रमांकावर जातं.

पेन बाहेर काढायची वेळ कमीत कमी यावी हे उरलेलं काम, आणि चर्चमधल्या जागा ठरलेल्या आहेत. संडे स्कूलचा खाऊ सर्वांना दिसतो. खेळायच्या रंगीत पिठात गहू असतो, हस्तकलेसाठी आणलेल्या अंड्याच्या आणि दुधाच्या रिकाम्या खोक्यांत अंश उरलेला असतो, हे लक्षात येत नाही. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून जात नाही. साबण-पाणी किंवा ओले वाइप्स लागतात. प्रीतिभोजनानंतर मावश्या-काकू बाळाचे पापे घेतात, तेव्हा त्यांनी काय खाल्लंय हा प्रश्न प्रेमाने पण विचारावाच. प्रीतिभोजनात बाळाचं ताट पहिलं वाढावं, कारण पाचव्या माणसानंतर वाढप्याचा चमचा कुठल्या भांड्यात फिरून आला हे कुणी सांगू शकत नाही.

गव्हाच्या ॲलर्जीत प्रभुभोजनाचा प्रश्न येतो. ज्या मंडळ्यांत भाकर कुठल्या धान्याची हे बांधील नाही तिथे दुसऱ्या धान्याची भाकर झाकलेल्या वेगळ्या पात्रात ठेवावी, आणि देणाऱ्याने ती गव्हाच्या भाकरीला हात लागण्याआधी द्यावी. कॅथलिक चर्चमध्ये नियम पक्का आहे: भाकर गव्हाचीच हवी, ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) पूर्ण काढलेली चालत नाही, अत्यल्प ग्लूटेनची चालते. व्हॅटिकनच्या 2003 च्या पत्रात हे स्पष्ट केलं गेलं आणि 2017 मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन भगिनी अशा होस्ती (प्रभुभोजनाच्या पातळ भाकरी) बनवतात. पण त्या सीलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून आहेत. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार, आणि होस्ती गव्हाचीच आहे. मूल प्रथम कम्युनियनच्या वयाचं होईल तेव्हा आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारावं, मग फादरांना. फक्त द्राक्षारसाच्या रूपात ग्रहण करण्याची मुभा आहे, मात्र तो पेला वेगळा हवा: मिस्सेत होस्तीचा कण मुख्य पेल्यात सोडतात, तो या मुलाच्या पेल्यात पडता कामा नये. जिथे बाळांनाही एकाच चमच्याने पवित्र दान (द्राक्षारसात भिजलेली भाकर) देतात त्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत हे बाप्तिस्म्याच्या आधीच बोलून घ्यावं.

शेवटी मुदत. हातात आलेल्या पेनाला सहसा वर्ष-दीड वर्षच उरलेलं असतं, म्हणून दुकानात खोकं उघडण्याआधी तारीख बघावी आणि कमी उरली असेल तर लांब मुदतीचं मागावं. मुदत संपलेलं पेन हा आपत्कालात दुसरा काहीच मार्ग नसेल आणि द्रव स्वच्छ असेल तरच वापरायचा पर्याय आहे. नवं आलं की जुनं फेकू नये: स्वयंसेवकांना एकत्र बोलावून, मुलांना दूर ठेवून, ते एखाद्या संत्र्यात मारून दाखवावं. सरावाच्या पेनात न कळणारा जोर आणि खट्‌चा खरा आवाज असाच हाताला कळतो. मग ते कडक डब्यात घालून रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात सुया स्वीकारतात तिथे द्यावं, आणि संत्रंही त्याच दिवशी कचऱ्यात टाकावं.